ब्लीचचं एक वेळ चालेल, ती ॲसिडची बाटली आधी खाली ठेवा

मावसभावाचं कर्जतजवळ पोहायच्या पुलासकट छोटं फार्महाऊस आहे, शनिवार-रविवार भाड्याने देतो. काल रात्री त्याने एक फॉरवर्ड पाठवलं आणि खाली विचारलं, "दादा, करून बघू का?" मजकूर असा: पूलवाल्यांची लूट थांबवा. किराणा दुकानातलं एक लिटर ब्लीच आणि संडास धुवायच्या ॲसिडची अर्धी बाटली बादलीत एकत्र करा, पुलात ओता, पाणी आठवडाभर काचेसारखं. वर टीप, क्लोरीनचा वास जेवढा उग्र तेवढं पाणी शुद्ध. फॅमिली ग्रुपवर त्याला चार अंगठे पडले होते. धन्य.

आधी ती बादली. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तोच जो पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममध्ये ईप्रच्या खंदकांवर सोडला होता. हवेपेक्षा तो सुमारे अडीच पट जड, त्यामुळे वर उडून जात नाही, खाली साचतो. पूल रिकामा करून तळ घासायला जी पोरं उतरतात, ती आधी ॲसिड मारतात. ते नीट धुवून न काढता वरून कोणी ब्लीच ओतलं, तर वायू त्यांच्याच नाकाशी जमणार. पत्र्याच्या पंपरूममध्येही तेच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ही बादली स्वतः कधी ढवळली नसावी, नाहीतर पुढचा मजकूर लिहायला बसला नसता.

ॲसिडचा पुलाशी संबंध आहे, नाही असं नाही. ब्लीचमुळे पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) वाढतो. तो ८ वर गेला की क्लोरीनचा खरा जंतुनाशक भाग जेमतेम पाव हिस्सा उरतो. म्हणून जाणकार थोडं ॲसिड घालतात, पण वेगळं, पंप चालू ठेवून, मोजून.

आता "आठवडाभर". १० बाय ५ मीटरचा, सव्वा मीटरच्या आतबाहेर खोलीचा पूल म्हणजे साधारण ६०,००० लिटर पाणी. चार टक्क्यांच्या एक लिटर ब्लीचमध्ये क्लोरीन ४० ग्रॅम. म्हणजे लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमही नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी किमान १ सांगते. त्यात भर उन्हात, स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) नसेल तर, निम्म्याहून जास्त तासा-दोन तासांत उडतं. आठवडा कुठला, दुपारचं जेवण होईतो नाही! आणि क्लोरीन नीट असलं तरी सगळं एका दमात मरत नाही. सीडीसीच्याच तक्त्यात ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतो, जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम दहा दिवसांहून जास्त टिकतो. जुलाब झालेलं पोर पाण्यात उतरवू नका, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

वासाचं उलटंच आहे. तो उग्र वास घाम आणि लघवीशी क्लोरीनची गाठ पडल्यावर येतो.

बरं, एक गोष्ट मान्य. बिनवासाचं साधं ब्लीच आणि पूलवाल्याचं लिक्विड क्लोरीन, रसायन एकच. त्याचं फक्त जास्त कडक. अमेरिकेत लोक घरच्या पुलात ब्लीच घालतातही. पण टेस्ट किटने मोजून, संध्याकाळी, आणि लिंबाच्या वासाचं किंवा जाडसर नव्हे.

भावाला फोन केला तेव्हा कळलं, पंपरूममध्ये दोन्ही कॅन एकाच फळीवर आहेत. ॲसिडचा आज रात्रीच बाहेर काढ म्हटलंय.