प्रिव्ह्यू दिसेना म्हणून अँटिव्हायरस बंद करू नका

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या आत्याकडे बायोडाट्यांची रीघ लागते. आत्या एकाहत्तर वर्षांची, राहते लोकमान्य नगरात, आणि इंदूरच्या मराठी घरांतली स्थळं जुळवायचं काम गेली वीस वर्षं एक पैसा न घेता करते. पूर्वी वही होती, आता कॉम्प्युटरवर फोल्डर आहेत: 'मुली', 'मुलगे', 'जमलं'. पत्रिका, फोटो, पगार, घरचा पत्ता, वडिलांचा फोन नंबर, सगळं पीडीएफमध्ये. फाईल न उघडता ती उजवीकडच्या प्रिव्ह्यूच्या चौकटीत पाहते आणि बाणाचं बटण दाबत पुढे जाते. एका दुपारीत चाळीस स्थळं नजरेखालून जातात.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "अगं, प्रिव्ह्यू दिसूनच नाही राहिला. त्या मेसेजमध्ये लिहिलंय तसं सगळं करून पाहिलं. आता ते नऊशे नव्याण्णव रुपये मागून राहिलंय. भरू का?"

मी म्हटलं, "आत्या, कशाला हात लावू नकोस, आधी वायफाय बंद कर," आणि तशीच निघाले.

तो मेसेज आपल्या लोकांच्या चार ग्रुपवर तरी मी स्वतः पाहिला आहे. त्याचा सारांश असा: विंडोजच्या नव्या अपडेटने लाखो कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क खराब केल्या आहेत. प्रिव्ह्यू क्रॅश होणं हे त्याचं पहिलं लक्षण. तीच फाईल पेनड्राइव्हवर टाकली तर प्रिव्ह्यू दिसतो, हा पुरावा. उपाय म्हणून अपडेट कायमचे बंद करा, अँटिव्हायरस बंद करा, खालच्या लिंकवरून रिपेअर टूल घ्या, 'प्रिव्हहोस्ट' नावाची फाईल डिलीट करा, तरीही जमलं नाही तर सी ड्राइव्ह फॉरमॅट करा. कंपनीला नवे कॉम्प्युटर विकायचे आहेत म्हणून हे चाललंय. दहा जणांना पाठवा.

ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम मी सोळा वर्षं करते आहे. इतका घातक मेसेज इतक्या भल्या माणसांनी पुढे ढकललेला मी क्वचितच पाहिला.

आधी खरं काय झालं ते सांगते. मायक्रोसॉफ्टने आपल्या मदत-पानावर हे स्वतः लिहून ठेवलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ आणि त्यानंतरच्या सुरक्षा अपडेटपासून फाईल एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर आणि फाईली दाखवणारी विंडोजची खिडकी, इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलींचा प्रिव्ह्यू मुद्दाम दाखवत नाही. चौकटीत इंग्रजीत दोन ओळी येतात. त्यांचा अर्थ असा की ही फाईल तुमच्या कॉम्प्युटरला अपाय करू शकते, फाईल आणि पाठवणारा भरवशाचा असेल तर उघडून पाहा. आत्याच्या स्क्रीनवर अगदी हेच होतं. तिने ते वाचलं, 'अपाय' एवढंच डोक्यात राहिलं, आणि मेसेज खरा वाटला.

हा प्रिव्ह्यू का बंद केला, तेही त्याच पानावर आहे. काही फाईलींमध्ये बाहेरच्या एखाद्या ठिकाणाचा पत्ता दडवलेला असतो. अशी फाईल नुसती प्रिव्ह्यूत दिसली तरी विंडोज त्या पत्त्यावर जाऊ पाहते, आणि ओळख पटवण्यासाठी तुमच्या पासवर्डपासून तयार झालेला सांकेतिक ठसा तिकडे जाऊ शकतो. तो हाती लागला की समोरचा निवांत बसून पासवर्ड शोधत राहतो. तुम्ही फाईल उघडलेलीसुद्धा नसते. म्हणजे प्रिव्ह्यू मोडलेला नाही, त्या फाईलींपुरती कडी लावलेली आहे.

आता पेनड्राइव्हचा मुद्दा, कारण लोकांना पटतो तो हाच. आत्याने करून पाहिलं होतं आणि प्रिव्ह्यू खरंच दिसला होता. डोळ्यांनी पाहिलेलं कोण नाकारणार? पण त्याचं कारण हार्ड डिस्कमध्ये नाही. ब्राउझरने उतरवलेल्या प्रत्येक फाईलला विंडोज एक छोटी चिठ्ठी चिकटवते, की ही बाहेरून आलेली आहे. मी आत्याला एका बायोडाट्याची चिठ्ठी नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. वर 'झोनट्रान्सफर', खाली 'झोनआयडी=३', त्याखाली ती कुठून उतरवली तो पत्ता. ३ म्हणजे इंटरनेट. विंडोजची हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीची असते, तिच्यात ही चिठ्ठी फाईलसोबत राहते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात, त्यांत अशा चिठ्ठीला जागाच नाही. कॉपी करताना ती गळून पडते, आणि चिठ्ठी नाही म्हणून कडीही नाही.

मग तीच फाईल मी पेनड्राइव्हवरून परत त्याच हार्ड डिस्कवर, डेस्कटॉपवर आणली. प्रिव्ह्यू दिसला. ज्या डिस्कला मेसेजने 'खराब' ठरवलं, त्याच डिस्कवर. आत्या एवढंच म्हणाली, "म्हणजे डिस्क बरी आहे." हो, बरी आहे. मेसेजमध्ये सांगितलेल्या प्रयोगात ही एक पायरी जास्त केली असती तर सगळा पुरावा तिथेच कोसळला असता. (पेनड्राइव्हवरून फिरवून आणली म्हणून फाईल सुरक्षित होत नाही, हेही लक्षात घ्या. खूण गेली, आतला माल तोच.)

सगळ्यात वाईट भाग मात्र तो टूलचा. अँटिव्हायरस बंद करा आणि मग आमचं टूल घ्या, या दोन ओळी एकापाठोपाठ एक आल्या आहेत त्या उगीच नाहीत. अँटिव्हायरस चालू असता तर ते टूल बहुधा दारातच अडलं असतं. आत्याने तो बंद केला, टूल उतरवलं, विंडोजने 'कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचा का' असं विचारलं त्याला 'होय' म्हटलं. मग लाल अक्षरांत त्रुटींची यादी सरकायला लागली. मी पोचले तेव्हा ती यादी स्क्रीनवर होती, आणि खाली पैसे भरण्याची चौकट. यादीतल्या पहिल्या पाच 'गंभीर त्रुटी' मी तपासल्या. त्यातल्या तीन ब्राउझरच्या साध्या तात्पुरत्या फाईली होत्या.

पैसे गेले नाहीत, पण मला राग आला तो पैशांचा नाही. त्या कॉम्प्युटरवर दोनशेच्या वर घरांची माहिती आहे. मुलींचे फोटो आहेत, जन्मवेळा आहेत, घरी कोण असतं आणि कोण नोकरीला बाहेरगावी असतं हेसुद्धा आहे. लोकांनी ती आत्याच्या भरवशावर दिली आहे. एका अनोळखी टूलला सगळ्या दारांची किल्ली देऊन पहारेकऱ्याला सुट्टी द्या, असं तो मेसेज तिला सांगत होता. आणि तो तिला पाठवला कोणी, तर ज्यांच्या मुलीचा बायोडाटा त्याच फोल्डरमध्ये आहे, त्यांनी.

प्रिव्हहोस्ट डिलीट करा, हे तर निखालस चूक. प्रिव्ह्यू दाखवण्याचं काम एक्सप्लोररच्या बाहेर, वेगळ्या खोलीत व्हावं म्हणून व्हिस्टा या विंडोजच्या जुन्या आवृत्तीपासून ही फाईल विंडोजमध्ये आहे. प्रिव्ह्यू कोसळला तर तो एकटा कोसळावा, सगळा एक्सप्लोरर नाही, यासाठीच ती आहे. ती काढलीत तर पीडीएफ काय, वर्ड काय, कशाचाच प्रिव्ह्यू धड राहणार नाही. सी ड्राइव्ह फॉरमॅट करण्याबद्दल मी काही लिहीत नाही. फाईलींवरची एक खूण काढायची आहे, त्यासाठी घर पाडायचं नसतं.

अपडेट कायमचे बंद करा, याला उत्तर एकच आणि पुरेसं आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा, फाईलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांचे कॉम्प्युटर बंद पडले, रुग्णांच्या तारखा रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. मधे एकोणसाठ दिवस होते. अपडेट नकोच वाटत असेल तर विंडोज ११ मध्ये ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, तेवढं थांबवा. कायमचं नाही.

आता मेसेजमध्ये जे थोडं खरं आहे ते मान्य करायला हवं, मनात नसलं तरी. प्रिव्ह्यू अपडेटमुळेच थांबला, हे खरं. त्याच १४ ऑक्टोबरच्या अपडेटने विंडोज ११ च्या रिकव्हरी स्क्रीनमध्ये, म्हणजे विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीसाठी येणाऱ्या स्क्रीनमध्ये, यूएसबी माऊस आणि कीबोर्ड चालेनासे केले, आणि २० तारखेला, ऐन दिवाळीत, दुरुस्तीचं वेगळं अपडेट काढावं लागलं, हेही खरं. विंडोज १० चा आधार नेमका त्याच १४ ऑक्टोबरला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून अनेकांचे चांगले चालणारे कॉम्प्युटर मागे पडले. तेव्हा कंपनीला नवे कॉम्प्युटर खपायला हवे आहेत, हा संशय निराधार आहे असं मी म्हणणार नाही. आणि एवढा मोठा बदल करून वापरणाऱ्यापुढे इंग्रजीतल्या दोन कोरड्या ओळी ठेवायच्या, पुढे काय करायचं ते धड सांगायचं नाही, याला मी चूकच म्हणते. ती रिकामी जागाच या मेसेजने भरली. पण यातल्या कशानेही हार्ड डिस्क खराब होत नाही.

उपाय साधा आहे. ओळखीच्या माणसाने पाठवलेल्या फाईलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, 'जनरल' पानावर सगळ्यात खाली 'अनब्लॉक'चा चौकोन दिसेल. त्यावर टिक करून ओके. काही वेळा लॉगआउट करून परत आल्यावरच फरक दिसतो. फाईली खूप असतील तर पॉवरशेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोजच्या खिडकीत, 'अनब्लॉक-फाईल' ही आज्ञा अख्ख्या फोल्डरला लागू करता येते, मात्र त्या फोल्डरमधली प्रत्येक फाईल कुणाची आहे हे माहीत असेल तरच. आत्याच्या फोल्डरमध्ये एका फाईलचं नाव 'बायोडाटा.पीडीएफ.एचटीएमएल' असं होतं, म्हणजे पीडीएफचं सोंग घेतलेलं वेबपान, आणि पाठवणारा अनोळखी. ती आम्ही अनब्लॉक केली नाही, उघडलीही नाही, काढून टाकली.

कुणाचा एक्सप्लोरर प्रिव्ह्यू दाखवताना खरोखरच बंद पडत असेल, म्हणजे खिडकी गोठते आणि नाहीशी होते, तर ती निराळी गोष्ट. ऑल्ट आणि पी दाबून प्रिव्ह्यूची चौकट बंद करा. त्रास थांबला तर दोष प्रिव्ह्यू दाखवणाऱ्या एखाद्या प्रोग्रामचा आहे, बहुतेक वेळा पीडीएफ वाचणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा. कोणत्या प्रकारच्या फाईलीवर होतं ते पाहा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोधलंत तर तारखेनुसार काय कोसळलं ते नावासकट दिसतं. तेवढा एक प्रोग्राम अद्ययावत करा किंवा काढून पुन्हा टाका.

ज्यांनी ते टूल आधीच उतरवलं असेल त्यांनी आज एवढं करा: इंटरनेट तोडा, टूल अनइन्स्टॉल करा, अँटिव्हायरस चालू करून पूर्ण स्कॅन लावा, अपडेट पुन्हा सुरू करा, आणि ई-मेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे भरले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उद्यावर टाकू नका. आणि तुम्ही तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलात, तिथे तो चुकीचा होता हे स्वतःच्या नावाने लिहा. आत्याने लिहिलं. तासाभरात तिघांचे फोन आले, त्यातल्या दोघांच्या स्क्रीनवर तीच लाल यादी होती.