कोनाची जागा विकत मिळू नये

मंडळी, आमच्या ट्रायथलॉनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी बरीच वादावादी झाली. तिथे मी दोन ओळी लिहून थांबले, पण मनातलं बरंच राहिलं. ते आज इथे लिहितेय. जरा लांबेल.

ओळखीतल्या एका सधन गृहस्थांनी मोठी देणगी देऊन आयर्नमॅन या ट्रायथलॉनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, म्हणजे हवाईतल्या कोनाला, जागा मिळवली. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. एका पंचविशीतल्या मुलाने साधेपणाने विचारलं, "सर, कुठल्या रेसला क्वालिफाय झालात?" तर सगळे त्याच्यावरच तुटून पडले. जळतोस का, त्यांनी चांगल्या कामाला पैसे दिलेत, तुला काय त्रास, वगैरे. तो मुलगा ग्रुप सोडून गेला. मला त्याचा प्रश्न रास्त वाटतो आणि तो विचारायची मुभा असायला हवी, म्हणून ही पोस्ट.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३.८ किलोमीटर पोहणं, मग १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर धावणं, सगळं सलग आणि साधारण १७ तासांच्या आत. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची शर्यत पूर्ण केली, तेव्हा आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचलं. या शर्यती जगभर होतात आणि त्यात कुणीही पैसे भरून उतरू शकतं. तसंच असावं. पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या साठीच्या काकूंनाही तिथे जागा हवी, आणि त्या कट-ऑफच्या दोन मिनिटं आधी आल्या तरी त्यांच्यासाठी मी घसा बसेपर्यंत ओरडेन.

कोनाचं तसं नाही. हवाईतल्या कैलुआ-कोनाला होते ती जागतिक अजिंक्यपदाची शर्यत. धक्क्याजवळच्या समुद्रात पोहायचं, लाव्हाच्या काळ्या खडकांमधून क्वीन के हायवेवरून हावीपर्यंत जाऊन परत यायचं, आडवा वारा सायकलसकट माणसाला ढकलतो, आणि मग भर उन्हात मॅरेथॉन. गाव लहान, रस्ते मोजके, त्यामुळे जागाही मोजक्याच. त्या वाटल्या जातात जगभरच्या शर्यतींमधून, वयोगटानुसार. आपल्या वयोगटात आपण कितवे आलो, यावर सगळं ठरत आलंय. २०२६ च्या स्पर्धेसाठी पद्धत बदलली. वयोगटातल्या पहिल्याला थेट जागा, आणि उरलेल्या जागांसाठी वयानुसार वेळेचं गणित मांडून क्रमवारी. त्यावर मतभेद आहेत, असू देत. पद्धत कुठलीही असली तरी हिशेब पायांचा आणि घड्याळाचाच आहे.

वरच्या क्रमांकाच्या माणसाने जागा नाकारली तर ती खाली सरकते. याला रोल-डाउन म्हणतात. मी मलेशियातल्या लंकावीला हा समारंभ पाहिलाय आणि या खेळात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आदल्या दिवशीच्या शर्यतीने सगळ्यांचे पाय आखडलेले, कुणी जिन्याचा कठडा धरून उतरतंय, कुणाच्या मानेवर शर्यतीच्या सूटने घासून झालेली लाल रेघ. एकेक वयोगट पुकारतात. नाव आलं की तिथल्या तिथे हो म्हणायचं आणि तिथल्या तिथे पैसे भरायचे. माणूस हॉलमध्ये नसला की नाव पुढे जातं. सहावा आलेला माणूस खुर्चीच्या कडेवर बसलेला असतो, कारण चौथा आणि पाचवा आलेत की नाही त्याला माहीत नसतं. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या, भाषा काही कळत नव्हती. त्यांच्या गटातली शेवटची जागा त्यांच्या वरच्या बाईंनी घेतली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या बाईंना हरवणारी त्यांच्यापेक्षा जोरात धावली होती. त्यांच्या टाळ्यांमागे ते होतं. एखादी जागा धनादेशावर गेली असती, तर त्यांनी कुणासाठी टाळ्या वाजवायच्या?

पैशाचे आणि नशिबाचे दरवाजे इथे नवे नाहीत. १९८३ पासून कोनाच्या काही जागा सोडतीने दिल्या जात. सोडतीत नाव टाकायलाही पैसे लागत. अमेरिकेच्या न्याय विभागाचं म्हणणं पडलं की पैसे घेऊन नशिबावर बक्षीस देणं म्हणजे बेकायदा लॉटरी. २०१५ मध्ये आयर्नमॅन भरवणाऱ्या कंपनीने २७ लाख डॉलरहून जास्त रक्कम सरकारजमा करून प्रकरण मिटवलं आणि सोडत बंद झाली. याच्या जोडीला लिलावही झाले. ईबे या संकेतस्थळावर कोनाच्या जागांसाठी बोली लागायची, पैसा धर्मादाय कामाला जायचा, आणि आकडे हजारो डॉलरमध्ये जायचे. आणखी एक वाट म्हणजे लेगसी. पूर्ण अंतराच्या बारा शर्यती पूर्ण केलेल्या, पण कोना कधीच न केलेल्या माणसाला त्यातून जागा मिळू शकते.

लेगसीवर माझा आक्षेप नाही. बारा शर्यतींना पैसा लागतो हे खरं, आपल्याला तर जास्तच, कारण पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनसाठी देशाबाहेर जावं लागतं. गोव्याची आहे ती निम्म्या अंतराची. तरी बारा वेळा ते पाय त्या माणसाचेच होते. सोडत मला आवडत नव्हती, पण निदान तिथे श्रीमंताची चिठ्ठी आणि कारकुनाची चिठ्ठी एकाच डब्यात पडत होती. लिलावात आणि मोठ्या देणगीच्या जागेत तेवढंही उरत नाही. तिथे जागा कुणाला मिळणार हे फक्त खिसा ठरवतो.

मुंबईकरांना वेगळं समजावायला नको. पावसाळ्यात, चिखलाच्या मैदानावर, चेंडू कधी उसळेल आणि कधी खाली राहील याचा भरवसा नसताना कांगा लीगमध्ये धावा काढायच्या, मग कधीतरी मुंबईच्या रणजी संघाचं दार किलकिलं होतं. उद्या कुणी म्हणालं की अकरातली एक जागा लिलावात काढू आणि पैसे कॅन्सर पेशंटांना देऊ, तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर काय बोललं जाईल ते मी इथे लिहू शकत नाही. पेशंटांना पैसे मिळावेत असं त्या कट्ट्यावरच्या प्रत्येकाला वाटत असेल. तरीही.

म्हणजे देणगीला माझा विरोध नाही. टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये चॅरिटी बिब (देणगी देऊन मिळणारे छातीवरचे क्रमांक) असतात, त्यातून संस्थांना पैसा मिळतो, आणि सी-लिंकवर एरवी पाऊल ठेवता येत नाही तिथून धावायचा आनंद माणसाला मिळतो. कुणाचं काही हिरावलं जात नाही. अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनचं प्रकरण जरा अवघड आहे. तिथेही देणगीदारांसाठी वेगळ्या जागा आहेत, आणि दुसरीकडे वेळेचा निकष पूर्ण करूनही लोकांना नकार येतो. २०२६ च्या बोस्टनसाठी ठरलेल्या वेळेपेक्षा ४ मिनिटं ३४ सेकंद जास्त वेगाने धावलेल्यांनाच प्रवेश मिळाला. जो चार मिनिटं तीस सेकंदांनीच पुढे होता, त्याने काय करायचं? पण बोस्टन स्वतःला जागतिक अजिंक्यपद म्हणवत नाही, ती एका शहराची मॅरेथॉन आहे, म्हणून तिथे मी गप्प बसते.

त्याच बोस्टनची एक गोष्ट मात्र मला या वादात सारखी आठवत होती. डिक आणि रिक हॉइट, बाप-लेक. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, तो व्हीलचेअरमध्ये, आणि ती खुर्ची ढकलत डिक धावायचे. १९८१ मध्ये ते बोस्टनला धावले, पण अधिकृत प्रवेश नव्हता. अधिकृत यायचं तर निकषाची वेळ काढा असं त्यांना सांगण्यात आलं, आणि वेळ लावली ती मुलाच्या वयाची, म्हणजे विशीतल्या धावपटूची, चाळिशीतल्या बापाची नव्हे. १९८३ मध्ये वॉशिंग्टनच्या मरीन कोअर मॅरेथॉनमध्ये बापाने लेकाची खुर्ची ढकलत २ तास ४५ मिनिटांत शर्यत संपवली. पुढे १९८९ मध्ये ही जोडी कोनाही पूर्ण करून आली. त्यांना कुणी सवलत दिली असती तर मी एका शब्दाने तक्रार केली नसती. अपंगत्व, असामान्य आयुष्य, यासाठी आयोजकांनी जागा राखाव्यातच. पण त्या माणसाने वेळ काढून दाखवली, आणि मग त्याला नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

ग्रुपवर एकाने इतिहास काढला. म्हणाला, १९७८ मध्ये पहिली शर्यत झाली तेव्हा कोण क्वालिफाय झालं होतं? बरोबर आहे. नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या डोक्यातून ती निघाली, ओआहू बेटावर पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. कुणालाही येता येत होतं. पण तेव्हा तिथे जगातला सर्वोत्तम कोण हे ठरत नव्हतं. एकदा ते ठरवायचं म्हटलं की दाराशी मोजमाप आलंच.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. ग्रुपवरच्या एका ताईंनी मला विचारलं, "अगं, कमावणाऱ्यांनाही पैसा लागतोच ना? मग एवढा कसला फरक?" या प्रश्नाने मला दोन रात्री झोपू दिलं नाही, कारण त्यात तथ्य आहे.

मुंबईत या खेळाची तयारी करून बघा. लाँग राइडसाठी पहाटे साडेतीनला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर उतरायचं, कारण सहानंतर डंपर आणि बस. सी-लिंकवर सायकल चालत नाही, अटल सेतूवर चालत नाही. पावसाळ्याचे चार महिने ज्याच्याकडे घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड, लावायला जागा आहे त्याचीच सायकल नीट होते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत चौघं झोपत असतील तर ट्रेनर कुठे लावणार? पोहायला महापालिकेचे तलाव आहेत, दादरचा आहे, पण ठरलेली बॅच ठरलेल्या वेळी संपते. भांडुपहून पहाटे तलाव गाठायचा आणि नऊच्या आत कामावर हजर व्हायचं, हे मी स्वतः करते. चांगली सायकल काही लाखांची. शर्यतीची फी डॉलरमध्ये. विमान, हॉटेल, सायकलचा बॉक्स.

आमच्यात महापालिकेच्या शाळेत पीटी शिकवणारे एक सर आहेत. सेकंडहँड सायकल, पोहणं गावच्या विहिरीतलं, धावणं मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारं. गोव्याला त्यांच्या वयोगटात रोल-डाउन त्यांच्यापर्यंत आलं. निम्म्या अंतराच्या जागतिक स्पर्धेची जागा, कमावलेली. मी मागच्या ओळीत होते. नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. सर उठले नाहीत. मान खाली घालून बसून राहिले, आणि जागा पुढच्याकडे गेली. बाहेर आल्यावर म्हणाले, "मॅडम, मुलीची फी भरायचीय. आणि तिकडे जाऊन यायचे पैसे म्हणजे..." आकडा त्यांनी सांगितला नाही, मीही विचारला नाही.

म्हणून ताईंचं म्हणणं मला मान्य आहे. कमावलेल्या जागेपर्यंत पोचायलाही पैसा आडवा येतो. पण त्यावरून त्या जिथे पोचल्या, तिथे मी पोचत नाही. पैशाचा अडसर आधीच एवढा मोठा आहे, तर उरलेल्या शेवटच्या दारावरही पैशालाच का बसवायचं? सरांसारख्या माणसाकडे घड्याळ सोडून दुसरं आहे काय? त्यांच्या पायांना जिथे किंमत आहे अशी ती एकच जागा आहे. तीही बोलीवर काढली तर या खेळात त्यांचं काहीच राहत नाही.

आणि ज्यांच्याकडे पैसा आहे, ज्यांना या खेळावर खरंच प्रेम आहे, त्यांना मी दूर लोटत नाहीये. या खेळाला तुमचा पैसा हवाय. तो बिब विकत घ्यायला वापरू नका, बिब कमावलेल्या माणसाला तिथपर्यंत पोचवायला वापरा. तेवढ्याच देणगीत आमच्या सरांसारखे किती जण परदेशी स्टार्ट लाइनला उभे राहतील याचा हिशेब करा. तुम्हीही सोबत चला, रस्त्याच्या कडेला उभे राहा, त्यांच्या हातात पाण्याची बाटली द्या. आणि स्वतः उतरायची इच्छा असेल तर पहाटेच्या हायवेवर या. आम्ही सगळे तिथेच असतो, वाऱ्यात तुमच्या पुढे चालवू, जेवढं येतं तेवढं शिकवू. कोल्हापूरची बर्गमन ट्रायथलॉन करा, गोवा करा, लंकावी करा. कितीही वर्षं लागोत. तुमचं नाव रोल-डाउनला पुकारलं गेलं तर सगळ्यात मोठ्याने मी ओरडेन.

आम्ही पाच-सहा जणांनी एक फंड सुरू करायचं ठरवलंय. नियम एकच ठेवलाय: आपल्या भागातल्या कुणी जागतिक स्पर्धेची जागा शर्यतीत मिळवली आणि घरची परिस्थिती आड आली, तर रोल-डाउनच्या हॉलमध्ये फी भरायला आमच्यापैकी कुणीतरी कार्ड घेऊन शेजारी बसलेलं असेल. तिकिटाचं नंतर बघू, ते जमवता येतं. तिथल्या तिथे पैसे भरणं जमवता येत नाही. एक सीए मित्र हिशेब ठेवणार आहेत, तो दर तीन महिन्यांनी सगळ्यांना दिसेल. माझा वाटा मी काल दिलाय. ज्यांना सामील व्हायचंय त्यांनी मला मेसेज करा. आणि ग्रुप सोडून गेलेल्या त्या मुलाला कुणी ओळखत असेल तर ही पोस्ट त्याला पाठवा. फंडाच्या कामाला प्रश्न विचारणारा माणूस आम्हाला हवाच आहे.