काळ्या काचेमागचा मोबाईल

आयटीआयमधल्या नव्या तंत्रज्ञानावरचा एक लेख वाचला. स्मार्ट बोर्ड आणि वेल्डिंग सिम्युलेटर (पडद्यावर वेल्डिंगचा सराव करून घेणारं यंत्र) आले की मुलं आपोआप तयार होतील, असा त्याचा सूर वाटला. मी वेल्डर ट्रेडला शिकवतो. सिम्युलेटर वाईट नाही. वेल्डिंगच्या रॉडचा कोन, आर्कची (रॉड आणि प्लेटमधल्या विजेच्या ज्योतीची) लांबी, हाताचा वेग लगेच आकड्यात दिसतो आणि रॉड वाया जात नाहीत. पण त्यात धग नाही, धूर नाही, रॉड चिकटत नाही. 3.15 मिमीचा रॉड पहिल्यांदा प्लेटला चिकटतो तेव्हा पोरगं जे घाबरतं, ते पडद्यावर शिकवता येत नाही.

आमच्याकडे खरा फरक पडला तो साध्या मोबाईलने. मी वेल्डिंग करताना वीस मुलांना वितळलेला धातू नीट दिसायचाच नाही. मग कॅमेऱ्यापुढे वेल्डिंगच्या मुखवट्यात वापरतात ती 11 नंबरची काळी काच धरून चित्रण केलं, वर्गात सावकाश लावलं, मध्येच थांबवलं. स्लॅग (वितळलेल्या धातूवर तरंगणारा मळ) कुठला आणि धातू कुठला, हे तेव्हा कुठे उमगलं. (काचेशिवाय चित्रण करू नका, कॅमेरा जाईल.)

थिअरीची परीक्षा संगणकावर असते, त्यामुळे सरावासाठी भारत स्किल्स या सरकारी संकेतस्थळावरची प्रश्नपेढी उपयोगी पडते. वीज असली तर.