‘अजून कोण कोण आहे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘धरमपेठेतला एक सीए’ या नावानं तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की नागपुरात नवं नाटक, नवी ध्वनिमालिका, नवं काहीही घेऊन पैसेवाल्याकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘अजून कोण कोण आहे?’ आणि त्या प्रश्नापाशीच निम्म्या कल्पना मरतात. त्यावर तुमचं म्हणणं असं: दुसऱ्याला विचारणं हा मेंढरपणा नाही, शहाणपण आहे, माल चांगला असेल तर पैसा येतोच, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं कोणाच्या मेहेरबानीवर चालतात का, आणि कलाकारांना दुसऱ्याच्या खिशातून जुगार खेळायची सवय लागली आहे. शेवटचं जरा झोंबलं, पण त्याकडे नंतर येतो.

पहिल्या मुद्द्यात तुम्ही बरोबर आहात, आणि खरी पंचाईत तिथंच आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जींचा १९९२ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे, नोबेलच्या कितीतरी आधीचा. त्यातलं उदाहरण मी सीताबर्डीवर आणतो. शेजारी-शेजारी दोन हॉटेलं. पहिल्याबद्दल लोकांचं मत मुळातच किंचित बरं. पण शंभरातल्या नव्याण्णव जणांना कुठून तरी कळलंय की दुसरं जास्त चांगलं आहे. एकालाच उलटं कळलंय, आणि नेमका तोच सगळ्यांच्या आधी पोचतो. तो पहिल्यात शिरतो. मागून येणारा विचार करतो, याला काहीतरी माहीत असणार. त्याची माहिती आणि माझी माहिती फिट्टंफाट, मग आधीचं मत पहिल्याच्या बाजूचं आहे, चला आत. तिसऱ्याचं, चौथ्याचं तेच. पहिल्यासमोर रांग, दुसऱ्याचा मालक माश्या मारतोय. यात एकही माणूस मूर्खासारखा वागलेला नाही. तरी नव्याण्णव जणांना जे ठाऊक होतं ते त्यांच्या खिशातच राहिलं.

म्हणून दहा जणांनी पैसे टाकले म्हणजे दहा जणांनी कल्पना तपासली, असा हिशेब निदान तुम्ही तरी करू नका. एकच बिल दहा व्हाउचरांना जोडलेलं सापडलं तर तुम्ही ते दहा खर्च धरता का?

‘मोठे लोक अभ्यास करूनच उतरतात’ असंही तुम्ही लिहिलंय. क्विबी आठवतं? मोबाइलवर दहा मिनिटांच्या आतल्या मालिका दाखवणार होते. डिस्ने, सोनी, वॉर्नर, सगळे आत. १७५ कोटी डॉलर गोळा झाले. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालं आणि ते वर्ष संपायच्या आत बंद पडलं. आता त्या स्टुडिओंपैकी किती जणांनी स्वतःला विचारलं असेल की फुकटचं यूट्यूब हातात असताना यासाठी पैसे कोण मोजणार, आणि किती जणांनी फक्त शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय ते पाहिलं असेल? २०२१ मध्ये बीपल या चित्रकाराच्या एनएफटीला, म्हणजे मालकीची डिजिटल नोंद जोडलेल्या चित्राला, क्रिस्टीजच्या लिलावात सहा कोटी नव्वद लाख डॉलरांच्या वर किंमत आली, तेव्हा आपल्याकडच्या चित्रकारांनाही ‘तुम्ही काहून एनएफटी काढत नाही?’ असं विचारणारे निघालेच होते. हल्ली फाइलीच्या पहिल्या पानावर एआय नसेल तर दुसरं पान कोणी उलटत नाही.

‘चांगलं असेल तर वर येतंच’ याचं उत्तर जरा लांब आहे. २००६ मध्ये सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन संशोधकांनी एक प्रयोग छापला. अनोळखी बँडची ४८ गाणी, चौदा हजारांवर ऐकणारे. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडा दाखवला. सुरुवात सगळ्यांची शून्यावरून, गाणी तीच. तरी आठ गटांत आठ वेगळे निकाल. एक गाणं एका गटात पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं. फारच उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फारच टाकाऊ सहसा वर आली नाहीत, हे तुमच्या बाजूनं मान्य. पण मधल्या सगळ्या गाण्यांचं नशीब आधी कोणी काय उचललं यावर ठरलं. आणि आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक कल्पना मधल्याच असतात.

यावर तुम्ही म्हणाल, मग काय, एकट्यानं उडी मारणारा नेहमी बरोबर? नाही. एम्प्रेस मिलचं घ्या. गिरणी काढायची तर मुंबईत, असा तो काळ. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली आणि नागपूर निवडलं: कापूस जवळ, रेल्वे आलेली, वरोऱ्याचा कोळसा हाताशी. जागा मिळाली ती दलदलीची. तिथं भराव पडताना बघून इथल्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, म्हणाला. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली, आणि टाटांनी पुरली माती, काढलं सोनं, असं पुढं त्याच सावकारानं कबूल केल्याचं सांगतात. ही गोष्ट सगळे टाटांच्या कौतुकासाठी सांगतात. मला तो सावकार आवडतो. तो चुकला, पण त्यानं जागा पाहिली होती, दलदल पाहिली होती, आणि नकाराचं कारण त्याचं स्वतःचं होतं. मुंबईत कोणी पैसे घातलेत का, असं त्यानं विचारल्याचं ऐकिवात नाही. असे चुकणारे दहा सावकार मला चालतील.

झाडीपट्टीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत. वडशाच्या नाटक कंपनीशी गावातलं मंडळ नाटक ठरवतं, मंडप टाकतं, तिकिटं विकतं, बुडालं तर मंडळाचं बुडतं. तेही शेजारच्या गावाला विचारतात, पण काय विचारतात? ‘तुमच्याकडे तिकिटं किती खपली, लोकं पहाटेपर्यंत बसली का?’ हा झालेल्या खेळाबद्दलचा प्रश्न आहे. ‘अजून कोण कोण आहे?’ हा न झालेल्या खेळाच्या पैसे टाकणाऱ्यांबद्दलचा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय प्रत्येक गाव आपल्या जोखमीवर ठरवतं, त्यामुळे निर्णय खरोखरच शेकड्यांनी होतात. टीव्हीवरचा चेहरा आणला की तिकीट खपतं ही हवा तिथंही शिरली आहे. ते बघायला मला फार बरं वाटत नाही.

‘मंथन’ या चित्रपटासाठी १९७६ मध्ये गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, तेही याच जातीचं. गोष्ट त्यांची होती, त्यांना कोणाचा अहवाल लागला नाही.

सरकारी अनुदानानं हे सुटत नाही, यावर तुमच्याशी सहमत. समितीसुद्धा आधी कोण कोण आहे त्याची यादीच बघते.

राहिला जुगार. ज्या दोन मुलींच्या वऱ्हाडी ध्वनिनाटकांबद्दल मी लिहिलं होतं, त्यांनी नोकरी सोडून पदरचे पैसे आधीच घातलेत. जुगार म्हणायचाच असेल तर पहिला पत्ता त्यांचा आहे.

तुम्ही शेवटी लिहिलंत, ‘एखादी फाइल दाखवा, मग बोलू.’ पाठवतो. तुमच्या भिशीतल्या चौघा मित्रांनाही द्या, पण एकमेकांशी बोलायच्या आधी प्रत्येकानं हो की नाही आणि त्याचं कारण चिठ्ठीवर लिहावं, चिठ्ठ्या नंतर एकदम उघडाव्यात. आधी कोणी किती दिले ते पान मी फाइलीतून काढून ठेवलंय. ते मागू नका. नमुन्याचा भाग अकरा मिनिटांचा आहे, तेवढा मात्र पूर्ण ऐका.