भरपूर फंडिंग, मोठ्या टेक कंपनीतून आलेला सीईओ, तरी स्टार्टअपची गाडी का अडते?

क्विबी आठवतंय? दहा मिनिटांच्या आतले एपिसोड फक्त मोबाइलवर दाखवणारं व्हिडिओ ॲप. ईबे आणि एचपी चालवलेल्या मेग व्हिटमन सीईओ, गाठीशी १.७५ अब्ज डॉलर. ६ एप्रिल २०२० ला सुरू झालं आणि २१ ऑक्टोबरला गाशा गुंडाळत असल्याचं जाहीरही झालं.

खापर कोविडवर फुटलं. मला ते पटत नाही. लोक घरात टीव्हीसमोर बसून होते आणि सुरुवातीला क्विबी टीव्हीवर दिसायचंच नाही. आवडलेल्या सीनचा स्क्रीनशॉट काढावा तर काळा पडदा! म्हणजे मित्राला पाठवायची सोय नाही, फुकटात होणारी जाहिरात बुडाली. ॲपल टीव्ही, फायर टीव्हीसाठीचं ॲप आलं २० ऑक्टोबरला, घोषणेच्या आदल्या दिवशी. शंभर प्रेक्षकांच्या हातात आठवडाभर ॲप दिलं असतं तरी हे कळलं असतं.

व्हिटमन १९९८ मध्ये ईबेत आल्या तेव्हा तिथे जेमतेम ३० माणसं होती, त्यामुळे छोटी कंपनी त्यांना नवी नव्हती. पण ईबेवर खरेदी-विक्री आधीच जोरात चालू होती. मोठ्या कंपनीतल्या बहुतेकांचं असंच असतं. ग्राहक आयते मिळालेले असतात, ते शोधायची वेळच आलेली नसते.

साधं ए/बी टेस्टिंग घ्या, म्हणजे पानाची दोन रूपं दोन गटांना दाखवून कोणतं जास्त चालतं ते बघणं. साइनअपचं प्रमाण ५ टक्क्यांवरून ५.५ वर गेलं का, हे भरवशाने सांगायला प्रत्येक गटात साधारण ३०,००० लोक लागतात. दोन गटांचे ६०,०००. गुगलकडे ते काही क्षणांत येतात. तुमच्या साइटवर दिवसाला २०० येत असतील तर ३०० दिवस! तोवर डेटा टीम बसते, डॅशबोर्ड सजतात, आकडे नुसते खालीवर होत राहतात. अशा वेळी सोडून गेलेल्या २० ग्राहकांना सीईओने स्वतः फोन लावायचा असतो.

भरतीचंही तेच. समजा बँकेत ६० कोटी, महिन्याचा खर्च दीड कोटी, म्हणजे ४० महिने. नवा सीईओ सवयीने तीन व्हीपी (उपाध्यक्ष) आणतो, प्रत्येक व्हीपी आपली टीम आणतो. खर्च ४ कोटींवर गेला की उरतात १५ महिने. गुंतवणुकीचा पुढचा राउंड उभारायला सहा महिने धरा. हातात नऊ, आणि प्रॉडक्ट नक्की कुणाला हवंय हे अजून ठरायचंच आहे.

बोर्डाने मुलाखतीत विचारावं: शून्यातून पहिले १०० ग्राहक कसे आणलेत? त्यातले कोण सोडून गेले, आणि का? उत्तर "ग्रोथ टीमने आणले" असं आलं तर बायोडाटावर कितीही मोठं नाव असो, तिथेच थांबावं. नेमणूक केलीच तर पहिल्या सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत, हे आधीच लिहून घ्यावं.