रॅम विकताना एक प्रश्न विचारायला तोंड झिजतं काय?

टाळकं सटकलंय, म्हणून लिहितोय. दारव्ह्याकडच्या एका गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी, ती ओसरत नाही तोच पीक विम्याची. मशीन जुनं, कोअर टू ड्युओ, विंडोज ७, ४ जीबी रॅम (म्हणजे कामापुरती मेमरी). दोन टॅब उघडल्या की सगळं गोठतं आणि बाकावरचे काका विचारतात, "काहून भाऊ, सर्व्हर डाउन हाय काय?" सर्व्हर नाही काका, माझं नशीब डाउन हाय.

तर यवतमाळच्या दुकानदाराने ४ जीबी रॅमची आणखी एक पट्टी गळ्यात मारली. "टाकून घ्या, मस्त पळते!" गावी येऊन मशीन सुरू केलं, प्रॉपर्टीज उघडल्या. रॅम ८ जीबी, वापरण्याजोगी ३.२४. म्हणजे आधी होती तेवढीच! विहीर खोल केली, पण मोटरीचा पाइप जुन्याच पाण्यात.

कारण काय, तर विंडोज ३२-बिट, म्हणजे मेमरीचे पत्ते ३२ अंकांतच मोजणारी. ३२-बिट विंडोज ७ कोणतीही घ्या, ४ जीबीच्या वर जातच नाही, आणि त्या चारातूनही ग्राफिक्स वगैरे आपला वाटा काढून घेतात. बरं, हे प्रोसेसरला जमत नाही असंही नाही. ३२-बिटवरही ४ जीबीच्या वर जाण्याची पीएई नावाची सोय इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोपासून दिलेली आहे. विंडोज सर्व्हर २००८ ची एंटरप्राइज आवृत्ती ३२-बिट असूनही ६४ जीबी वापरते. आपल्यासारख्यांच्या विंडोजला मात्र कुलूप! म्हणे जुने ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली यंत्रं चालवणारी सॉफ्टवेअरं, गडबडतात. गडबडू द्या ना, इथे काय सुरळीत चाललंय?

"मग ६४-बिट टाका," हे सांगायला सगळे पुढे. अरे, वरच्यावर बदलता येत नाही ते! सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. आणि माझ्या अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर ३२-बिटचाच आहे, ६४ वर तो चालत नाही. स्कॅनरचं तेच रडगाणं. म्हणजे रॅम वापरायची तर अंगठा बंद, अंगठा ठेवायचा तर रॅम बंद. शेतकऱ्याला काय सांगू, विमा नंतर भरा, आधी बिट ठरू द्या?

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोम ब्राउझर १०९ व्या आवृत्तीवर अडकलं, हे मलाही ठाऊक आहे. नवं मशीन घ्या म्हणणाऱ्यांनी आधी कापसाचा भाव पाहावा. गावाची उधारी वसूल झाली तर माझ्याकडे पैसा.

पण राग विंडोजवर कमी, त्या दुकानदारावर जास्त आहे. पट्टी डीडीआर२ जातीची हवी की डीडीआर३, हे त्याने बरोबर विचारलं, कारण खाच जुळली नाही तर पट्टी बसतच नाही आणि धंदा बुडतो. ३२ की ६४, हे विचारलं नाही, कारण त्याने धंदा बुडतो. फोनवर म्हटलं, परत घे. तर म्हणतो, "पट्टीत कुठं खराबी हाय? आठ दाखवते ना?"

दाखवते म्हणे! ते आठ काय दाराला लटकवू?