चित्र बघा, पण काडी सांभाळा

सर्वात आधी गुरुवार मोकळा ठेवा. कुलाबा-फोर्टातल्या गॅलऱ्या रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवायच्या तर गुरुवारीच, असं कोणीतरी ठरवून टाकलंय. ज्याने ठरवलं त्याच्या घरी दत्ताचा फोटो नसावा. तुमच्या घरी असेल, तर 'आर्ट वॉक विथ टेस्टिंग'चा, म्हणजे गॅलऱ्या हिंडत चित्रं बघायची आणि मुक्कामागणिक एकेक घास चाखायचा अशा फेरीचा, फॉर्म भरताना जरा जपून. खाण्यापिण्याच्या रकान्यात व्हेज, जैन, व्हीगन, ग्लुटेन-फ्री असं सगळं असतं, फक्त 'उपास' नसतो. मी 'इतर'वर टिचकी मारून 'साबुदाणा चालेल' असं लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं: 'नोटेड'. या शब्दावर विसंबून दुपारी केळं खायचं टाळू नका. मी टाळलं.

पोशाखाचं सोपं आहे. कपडा असा हवा, की तो विकत घ्यायला पैसे लागले हे कळावं आणि इस्त्रीला लागले नाहीत हेही कळावं. चुरगळलेलं लिनन उत्तम. पायात कोल्हापुरी चालेल, पण करकर वाजणारी नको. गॅलरीत शांतता असते आणि तुमच्या प्रत्येक पावलाची नोंद होते. खांद्यावर झोळी हवीच. तिच्यात पुस्तक असलं नसलं तरी हरकत नाही, पण एक रिकामा प्लास्टिकचा डबा जरूर ठेवा. का, ते पुढे कळेल.

जमायची जागा काळा घोडा. गाइड मुलगी पहिली गोष्ट घोड्याचीच सांगेल: काळ्या घोड्यावर सातवा एडवर्ड बसला होता, 1965 मध्ये दोघांनाही उचलून राणीच्या बागेत नेलं, मग पन्नासेक वर्षं इथे घोडाच नव्हता, नाव मात्र काळा घोडाच राहिलं. 2017 मध्ये नवा घोडा आला, तोही स्वाराविना. इथे तुम्ही मंद हसून 'इंटरेस्टिंग' म्हणायचं. बालपणी राणीच्या बागेत त्या पुतळ्याखाली बसून भेळ खाल्ल्याची आठवण सांगू नका. भेळ ही टेस्टिंगमध्ये मोडत नाही.

आता गणित मांडून घ्या. दोन तास, सहा गॅलऱ्या, सहा ठिकाणचे घास. म्हणजे एकेका मुक्कामाला वीस मिनिटं. त्यातली पाच चालण्यात जातात, तीन शेफ बोलतो, सात खाण्यात आणि हात पुसण्यात जातात, दोन ग्रुप फोटोला. उरली तीन. गॅलरीत बारा चित्रं असतील तर चित्रामागे पंधरा सेकंद येतात. चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करायचे म्हणतात. नशीब त्यांचं, त्यांना पुढच्या मुक्कामी सोलकढी गरम होण्याआधी पोचायचं नव्हतं.

पंधरा सेकंदांत चित्र कसं बघावं? आधी लांबून, मग जवळून, मग पुन्हा लांबून. जवळ जाताना मान थोडी कलती ठेवा आणि रंगाच्या थराकडे बघा, घर घेताना आपण भिंतीची ओल बघतो तसं. मग मागे सरकताना कोणाच्या तरी कोल्हापुरीवर पाय द्या आणि 'सॉरी, आय वॉज इन इट' म्हणा. चित्राखालची पाटी शेवटी वाचायची, आणि वाचत नाही आहोत असं दाखवत वाचायची. पाटीवर 'शीर्षक नाही' असेल तर सुटलात. शीर्षक असेल तर अडचण, कारण मग चित्रात ते शोधावं लागतं. पाटीशेजारी लाल टिकली दिसली की समजा, चित्र खपलं. अशा चित्रासमोर दोन सेकंद जास्त थांबा. आपल्याला हेच आवडलं होतं असा चेहरा करा.

काही शब्द पाठ करून जा. 'टेक्स्चर' कुठेही चालतं. 'स्पेस' म्हणजे जिथे काही काढलेलं नाही ती जागा. 'प्रोसेस' म्हणजे चित्र का आवडलं ते सांगता येत नाही. सगळंच आटलं तर भाव काढा. हुसेन यांचं 1954 सालचं 'ग्रामयात्रा' मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 118 कोटींना गेलं, हे वाक्य मी त्या संध्याकाळी चार जणांकडून ऐकलं, चारही वेळा तोंडात घास असताना. ते चित्र जवळपास चौदा फूट लांब आहे आणि कित्येक दशकं नॉर्वेतल्या एका हॉस्पिटलात टांगलेलं होतं, हा पुढचा भाग कोणी सांगत नाही. मला मात्र तोच सारखा आठवत राहिला. शेजारून किती जणांची स्ट्रेचर गेली असतील, आणि पडल्या पडल्या त्यांनी ते पंधरा सेकंदांहून जास्त बघितलं असेल.

असो. खाण्याकडे वळू, सगळे वळतात.

प्रत्येक घासाला एक चित्र जोडलेलं असतं. निळ्या कॅनव्हासला मासा, लालभडक कॅनव्हासला ठेचा. राखाडी रंगाचं एक मोठं चित्र होतं, त्याला काय जोडतात याची मला उत्सुकता होती, नाचणी निघाली. शेफ बोलत असताना मान डोलवा, पण भाषांतर मनातल्या मनातच करा. 'कोकम रिडक्शन' म्हणजे आगळ. 'राइस क्रेप' म्हणजे घावन. 'डिकन्स्ट्रक्टेड थालीपीठ' म्हणजे जे आमच्या तव्यावर दर पावसाळ्यात आपोआप होतं आणि ज्याबद्दल आम्ही पाहुण्यांची माफी मागतो. 'हे आमच्या आजीसुद्धा...' असं वाक्य सुरू करू नका. शेफला आजी आवडते, पण त्याची स्वतःची.

आणि माझं 'नोटेड'? दुसऱ्या मुक्कामी काळ्या दगडाच्या पाटीवर ते माझ्यापुढे आलं. साबुदाण्याची पापडी. एक. तिच्या मधोमध बिटाचा गुलाबी ठिपका, ठिपक्यावर कोथिंबिरीचं एक पान, चिमट्याने ठेवलेलं. शेफ म्हणाला, 'टॅपिओका ग्लास.' पापडी उजेडाकडे धरून बघितली. खरंच आरपार दिसत होतं. आमच्याकडे ती गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घालतात आणि कावळे हाकलायला एका पोराची नेमणूक करतात. पोर म्हणजे बहुधा मी. मी ती दोन घासांत खाल्ली आणि तिसऱ्या मुक्कामाला, पैसे भरलेत म्हटल्यावर दत्तगुरू समजून घेतील, असा निर्णय घेतला.

त्यानंतरचा प्रश्न काडीचा. बरेचसे घास काडीला टोचून येतात. घास संपतो, काडी उरते. गॅलरीत कचऱ्याचा डबा नसतो. पांढऱ्या भिंतीशेजारी तो दिसायला बरा नाही म्हणून, की कोणी त्याचीही किंमत विचारेल म्हणून, कोण जाणे. काडी हातात धरून चित्राच्या जवळ जाता येत नाही, कारण रखवालदार लगेच अंग सावरून उभा राहतो. खिशात ठेवली तर चटणी लागते. म्हणून झोळीत तो डबा. मी नेला नव्हता. पाचव्या मुक्कामापर्यंत माझ्या मुठीत तीन काड्या आणि एक चिकट टिश्यू होता, आणि हे सगळं सांभाळत मी एका शिल्पाबद्दल 'स्पेस' म्हणालो.

वाटेत जहांगीर लागेल. गाइड सांगेल की 1952 पासून ही गॅलरी आहे, आणि 'समोवार'बद्दल हळहळेल. हळहळा. 1964 ते 2015 तिथे एक अरुंद कॅफे होता. परवडेल असा चहा, पराठे, पेरूचा रस. चित्रकार तासन् तास बसायचे, कोणी उठवत नसे. रस्त्यापलीकडे 1946 पासूनचं 'चेतना', सुरुवातीला तिथे जेवणाबरोबर चित्रप्रदर्शनंही भरत. म्हणजे कला आणि खाणं इथे आधीही एका टेबलावर होतं, फक्त जो खात होता तोच चित्र काढत होता. हे गाइडला म्हणून दाखवू नका. मी म्हटलं, तिने ते 'किती सुंदर!' म्हणून फोनमध्ये टिपून घेतलं, पुढच्या वॉकला वापरेल.

जहांगीरच्या बाहेर फूटपाथवर चित्रकार बसतात. रेलिंगला चित्रं लावलेली, पुढ्यात स्टूल. इथे थांबायचं नसतं, कारण इथे घास नाही. एकाने मला हाक मारली, 'बसा ना साहेब, दहा मिनिटांत पोर्ट्रेट.' दहा मिनिटं! सबंध संध्याकाळीत मी कुठल्याही चित्रापुढे इतका वेळ नव्हतो, आणि हा माझ्या तोंडाकडे दहा मिनिटं बघायला तयार होता. गाइड म्हणाली, 'सर, कीप मूव्हिंग, प्रॉन्स गार होतील.' मी मूव्ह झालो.

सहाव्या गॅलरीतून सगळे गोड घासाकडे पळाले तेव्हा मी कचऱ्याचा डबा शोधत मागे राहिलो. रखवालदार जिन्याच्या आडोशाला स्टूलवर बसून जेवत होता. स्टीलच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, वास जिन्याभर. मी उगाच विचारलं, 'मामा, यातलं तुम्हाला कुठलं आवडतं?'

'ते कोपऱ्यातलं,' तो न वळता म्हणाला. 'पण आता नाही. दुपारी चारला खिडकीतून ऊन येतं ना, तेव्हा त्या पिवळ्याच्या खाली हिरवा आहे तो वर येतो. लाइट लावले की गेला. महिना झाला बघतोय. आता सोमवारी काढणार.'

मी आत जाऊन बघितलं. पिवळाच होता. परत आलो तर त्याने भाकरीचा तुकडा मोडून, वर चटणी घालून पुढे धरलेला.

'घ्या.'

'नको हो. गुरुवार आहे आज.'

त्याने माझ्या मुठीकडे बघितलं. तीन काड्या होत्या. मधल्या काडीच्या टोकाला कोळंबीची शेपटी अजून चिकटलेली होती.